एका खोक्यात दोन स्पीकर: कुठवर एक, कुठून दोन

गावच्या भजन मंडळाने वर्गणी काढून स्वतःचा साऊंड सेट घ्यायचा ठरवला की बैठकीत पहिला वाद ठरलेला असतो. एकच पंधरा इंची घ्यायचा की एका खोक्यात दोन बारा इंची? मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी मोबाईलवर फोटो दाखवतो, टेम्पोवर साऊंड फिरवणारा पोरगा आपलं मत देतो, आणि कुणीतरी ठामपणे सांगून मोकळा होतो की दोन घेतले म्हणजे आवाज डबल.

आवाज डबल होत नाही. पण जे होतं ते बऱ्याच जणांना वाटतं त्याहून जास्त मजेशीर आहे. आणि जे बिघडतं ते खोका विकणारा सहसा सांगत नाही.

एकाच बनावटीचे दोन स्पीकर एका खोक्यात शेजारी बसवले, तर ठराविक सुरापर्यंत ते मिळून एकच मोठा स्पीकर असल्यासारखे वागतात. त्या सुराच्या वर मात्र ते दोन वेगवेगळे स्पीकर होतात आणि एकमेकांचा आवाज खोडायला लागतात. ती सीमा कुठे पडते हे एकदा कळलं, की स्पीकर आडवे बसवायचे की उभे, वायर कशी जोडायची, खोका केवढा करायचा हे प्रश्न फारसे अवघड राहत नाहीत.

सहा डेसिबल कुठून आले?

आधी फायद्याची बाजू बघू. आठ ओहमचा (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) एक स्पीकर ॲम्प्लिफायरवर चालू आहे. तसाच दुसरा त्याला समांतर जोडला, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. आवाजाचं बटण होतं तिथेच ठेवलं. दोन्ही स्पीकरच्या कॉइलना, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांना, पूर्वीइतकाच व्होल्टेज मिळतो, म्हणजे एकूण वीज दुप्पट खर्च होते. वीज दुप्पट झाली की डेसिबलच्या हिशेबात ३ ची भर पडते. पण खर्जाचा आवाज मीटर लावून मोजला, तर वाढ ६ डेसिबलची दिसते. मग वरचे ३ कुठून आले?

ते आले हवेच्या दाबातून. कागदी कोनाचा, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या कागदी शंकूचा, स्पीकर हे मुळात फार वाया घालवणारं यंत्र आहे. खर्जात शंभर वॉट दिले तर आवाज होऊन बाहेर पडतात जेमतेम एक-दोन वॉट, बाकीच्यांनी कॉइल तापते. कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाण्याऐवजी बाजूला निसटते, त्यामुळे कोनाला जोर लावायला काही मिळतच नाही. शेजारचा कोन त्याच क्षणी, तेवढाच पुढे आला तर हवेला निसटायला जागा कमी उरते. प्रत्येक कोनासमोरचा दाब दुप्पट होतो. कोन हलतो तेवढाच, पण काम दुप्पट करतो. असे दोन कोन, म्हणजे एकूण काम चौपट. तेच हे ६ डेसिबल.

आता 'डबल'चा हिशेब. माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. ६ डेसिबल म्हणजे फरक स्पष्ट कळेल, मागच्या रांगेतला माणूस कान पुढे करायचं थांबवेल, पण दुप्पट नव्हे.

माझ्या मते दुसरा फायदा याहून मोठा आहे. आवाज पूर्वीइतकाच ठेवला तर प्रत्येक कोनाला निम्मंच हलावं लागतं. खर्जात कोन किती हलतो यावरच आवाज फाटणार की नाही ते ठरतं. एकच सूर तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली वाजवायचा म्हटलं, तर कोनाला चौपट हलावं लागतं. पखवाजाच्या धुमाची थाप साध्या स्पीकरवर 'फट्' अशी येते ती याचमुळे, कोन आपल्या हद्दीबाहेर जातो. दोघांनी भार वाटून घेतला की तीच थाप गोल येते. कॉइलही कमी तापतात. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि रात्र चढेल तसा आवाज बसत जातो. हा अनुभव जत्रेत साऊंड लावणाऱ्या प्रत्येकाला आहे, फक्त दोष बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरवर जातो.

मध्ये छान, बाजूला गायब

हे सगळं ज्या अटीवर चालतं ती अट म्हणजे दोन्ही कोनांचा जोर ऐकणाऱ्याच्या कानाशी एकाच वेळी पोचला पाहिजे. रापण ओढताना दोराला लागलेल्या सगळ्यांचा हिसका एकत्र पडला तरच जाळं किनाऱ्याकडे सरकतं, पुढचे ओढतायत आणि मागचे सोडतायत असं झालं की माणसं तेवढीच असून जाळं जागच्या जागी. आवाजाचंही तेच. एका स्पीकरची लाट दाबाची असताना दुसऱ्याची विरळ हवेची पोचली, तर बेरीज शून्य.

ठीक समोर बसलेल्याला दोन्ही कोन सारख्याच अंतरावर असतात, त्याला काही त्रास नाही. बाजूला बसलेल्याला एक कोन जवळ आणि एक लांब पडतो. हा फरक लाटेच्या लांबीच्या निम्मा भरला की तो सूर तिथे मेला.

कोकणातल्या दमट उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कंपनांच्या) खर्जाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, १००० हर्ट्झची सुमारे ३५ सेंटिमीटर. दोन बारा इंची स्पीकर आडवे, शेजारी-शेजारी बसवले तर त्यांच्या मध्यबिंदूंत किमान ३३ सेंटिमीटर अंतर पडतं. साडेतीन मीटरच्या लाटेला ३३ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, तिच्या दृष्टीने हे दोघे एकच. १००० हर्ट्झला मात्र हिशेब असा निघतो की समोरच्या रेषेपासून ३२ अंशांवर आवाज खोडला जातो. देवळाच्या सभामंडपात खोक्यापासून आठ मीटरवर बसलेल्या रांगेत मधल्या रेषेपासून पाच मीटर बाजूला गेलात की तो सूर नाही. २००० हर्ट्झला ही खाच आणखी आत येते, १५ अंशांवर, म्हणजे त्याच रांगेत मधून जेमतेम सव्वादोन मीटरवर. ५०० हर्ट्झला ती जवळजवळ काटकोनात, खोक्याच्या अगदी कडेला जाते, तिथे कुणी बसत नाही.

म्हणजे दोन आडव्या बारा इंचींसाठी सीमा साधारण ५०० हर्ट्झवर पडते. त्याखाली ते एक, वर दोन.

आता शब्द कळण्यासाठी लागणारा आवाज मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झमध्ये असतो. स, श, च, त ही व्यंजनं आणखी वरपर्यंत जातात. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाला मारलेला टोमणा नेमका याच पट्ट्यात असतो. ढोलकी ऐकू येते, पेटी ऐकू येते, गजराचा ठेका ऐकू येतो, फक्त बुवा काय बोलले ते कळत नाही आणि शेजारचे हसले म्हणून आपण हसतो. मालवणी माणूस हे एका वाक्यात सांगतो: "मधी बसलंय तर बुवांचो आवाज चकचकीत, बाजूक सरकलंय की गेलो." साऊंडवाला यावर ट्रेबल वाढवतो. त्याने मधल्यांचे कान किटतात, बाजूच्यांची खाच तशीच राहते, कारण शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच.

पडताळून बघायचं असेल तर सोपं आहे. रेडिओच्या दोन स्टेशनांमध्ये येते तशी एकसारखी खरखर मोबाईलवरून सुरू करा आणि एकाच खोक्यासमोरून, आठ मीटरवरून, आडवे चालत जा. समोर असताना 'श्श्श' असा भरीव आवाज येतो. चार पावलं बाजूला गेलात की तो नळीतून आल्यासारखा पोकळ होतो, आणखी पुढे गेलात की पुन्हा रंग बदलतो. एक कान बोटाने बंद केलात तर जास्त स्पष्ट कळतं. एकच स्पीकर जोडून तेच केलंत तर आवाज फक्त हळूहळू मंद होतो, त्याचा रंग असा पट्ट्यापट्ट्यांनी बदलत नाही.

उपाय? खोका उभा करा. खरंच एवढंच. दोन्ही स्पीकर एकावर एक आले की खाच नाहीशी होत नाही, पण ती वर आणि खाली जाते. छपराकडे आणि लादीकडे. तिथे माणसं नाहीत. उलट पत्र्याच्या मंडपात आणि गुळगुळीत लादीच्या सभामंडपात वर-खाली कमी आवाज गेला तर घुमणं कमी होतं, हा बोनस. टेम्पोत आडवा रचायला आणि स्टँडवर ठेवायला बरा पडतो म्हणून खोका आडवाच राहतो, त्याला काही ध्वनिशास्त्रीय कारण नाही.

देवळात भिंतीला लावलेले उंच, अरुंद कॉलम स्पीकर याच तत्त्वावर उभे असतात. एकावर एक चार, सहा, आठ छोटे स्पीकर. आवाज आडवा ऐसपैस पसरतो आणि उभ्या दिशेने चपटा राहतो. कॉलम जेवढा लांब तेवढा तो खालच्या सुरापर्यंत चपटा राहू शकतो. एक मीटर लांबीचा कॉलम १००० हर्ट्झला वर-खाली साधारण २० अंशांपलीकडे फारसं काही जाऊ देत नाही. आतले स्पीकर ११ सेंटिमीटर अंतराने असतील तर ३००० हर्ट्झच्या पुढे त्यालाही वर-खाली नको त्या फांद्या फुटतात. पण भजन-कीर्तनासाठी, खाली बसून ऐकणाऱ्या माणसांसाठी, दीड-दोन मीटर उंचीवर किंचित पुढे झुकवून लावलेला कॉलम हा माझ्या मते अजूनही सर्वात शहाणा खर्च आहे. तो दिसायला भारदस्त नसतो, एवढाच त्याचा गुन्हा.

मोठ्या मैफिलींत वरून टांगलेली केळफुलासारखी वाकडी माळ दिसते ती लाइन ॲरे. तीही कॉलमचीच मोठी, हिशेबी आवृत्ती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिश्चन हाइल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ती आजच्या रूपात आणली.

घरच्या स्पीकरमध्ये आणखी दोन युक्त्या वापरतात. एक म्हणजे वर-खाली मधल्या सुरांचे दोन सारखे स्पीकर आणि त्यांच्या बरोबर मध्ये ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर. या मांडणीचं गणित जोसेफ दापोलितो यांनी १९८३ साली मांडलं आणि तिला त्यांचंच नाव पडलं. दुसरी युक्ती जास्त साधी आणि गावच्या मेस्त्रीलाही जमणारी आहे. दोन्ही स्पीकरना खर्ज द्यायचा, पण वरचे सूर एकालाच. दुसऱ्याच्या वायरीत एक तांब्याची कॉइल घालायची. आठ ओहमच्या स्पीकरला साधारण अडीच मिलिहेन्रीची कॉइल घातली की ५०० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज उतरत जातो. जिथे ते दोन होऊन भांडणार, नेमका तिथे एक जण गप्प बसतो. याला अडीच-वे म्हणतात. हातात आधीच आडवा खोका असेल आणि तो उभा करणं शक्य नसेल तर मी हेच करेन.

ओहमचा हिशेब

जोडणीच्या तीन तऱ्हा आहेत. आठ ओहमचे दोन समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला चार ओहम दिसतात. एकामागोमाग एक, म्हणजे मालिकेत जोडले की सोळा. चार स्पीकर असतील तर दोन-दोनच्या दोन मालिका करून त्या समांतर जोडायच्या, पुन्हा आठ ओहम.

समांतरमध्ये ६ डेसिबल मिळतात, पण ॲम्प्लिफायरला दुप्पट करंट द्यावा लागतो. त्याच्या पाठीमागे किमान चार ओहम लिहिलं असेल तर असे दोन खोके एका चॅनलवर जोडून दोन ओहम करायचे नाहीत. पहाटे तीनला मशीन बंद पडते ती बहुधा इथे. मालिकेत उलट. प्रत्येकाला निम्मा व्होल्टेज, त्यामुळे बटण त्याच जागी ठेवलं तर दोन स्पीकर मिळून एकाएवढाच आवाज देतात. फायदा गेला असं नाही, वीज निम्मीच खर्च झालेली असते. चार स्पीकरच्या मिश्र जोडणीत ओहम एकाएवढेच राहतात आणि तरीही ६ डेसिबल मिळतात. हा सर्वात गोड सौदा, म्हणून कॉलमवाल्यांना चारचा आकडा आवडतो.

जोडणी तपासायची तर मल्टिमीटर लावा. आठ ओहमच्या स्पीकरवर मीटर साधारण सहा दाखवतो, ते बरोबर आहे, कारण तो फक्त तारेचा रोध मोजतो. दोन समांतर असतील तर तीनच्या आसपास आलं पाहिजे. सहा आलं तर एक कॉइल तुटलेली आहे किंवा एक वायर सुटली आहे.

वायरचा मुद्दा कुणी मनावर घेत नाही. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने पंचवीस मीटर लांब गेलात तर जाऊन-येऊन पन्नास मीटर तार झाली, तिचा रोध ०.८६ ओहम. आठ ओहमच्या खोक्याला हे परवडतं. चार ओहमला साधारण एक तृतीयांश ताकद गळते. दोन ओहमला निम्मी. म्हणजे भारी ॲम्प्लिफायर घ्यायचा, चार स्पीकर समांतर लावायचे आणि मग घरच्या वायरिंगची उरलेली केबल वापरून अर्धी ताकद घालवायची. त्यापेक्षा २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि ॲम्प्लिफायर खोक्याजवळ ठेवा. मिक्सर लांब असला तरी चालतो.

आता प्लस-मायनस. दोघांपैकी एकाचं उलटं जोडलं गेलं तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. समोरची हवा इकडून तिकडे सरकते, खर्ज संपतो. गंमत म्हणजे आवाज येतच राहतो, पातळ, दिशाहीन, आणि माणूस बेसचं बटण पिळत बसतो. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. त्याचा प्लस खोक्याच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. दोन्ही कोन 'टक' करून पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर खोका उघडा. टर्मिनलवरच्या लाल खुणेवर विसंबू नका, दुरुस्तीला जाऊन आलेल्या स्पीकरची तर मुळीच नाही.

खोका केवढा

दोन स्पीकरना दुप्पट हवा लागते. एका बारा इंचीला आत ५० लिटर हवेत असं त्याच्या माहितीपत्रकात असेल तर दोघांना १००. आतून ७२ सेंटिमीटर उंच, ४० रुंद आणि ३५ खोल म्हणजे जवळपास तेवढं. स्पीकरची पाठ आणि आतल्या पट्ट्या जागा खातात, ती वर धरायची. खोक्यातली हवा आत-बाहेर करून खर्जाला मदत करणारी भोकंही दुप्पट. एका खोक्याला एक नळी असेल तर इथे त्याच मापाच्या दोन, त्याच लांबीच्या. नळी एकच ठेवलीत तर जोरात वाजवताना तिच्यातून हवेचा 'फुस्स' आवाज येईल.

एकाच्या खोक्यात दोन कोंबले तर काय होतं? प्रत्येकाला निम्मी हवा. आतल्या हवेची स्प्रिंग कडक होते, खर्ज खोल जाण्याऐवजी वरच्या एका सुरावर फुगतो आणि प्रत्येक थाप 'ढब ढब' अशी एकाच सुरात येते. पखवाज आणि ढोलकीत फरक कळेनासा होतो. काहींना हाच भारी बेस वाटतो. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही.

खोक्यात मध्ये फळी घालून दोन स्वतंत्र खण करावेत की एकच मोकळी पोकळी ठेवावी, यावर मेस्त्रीलोकांत दोन तट आहेत. दोन्ही स्पीकर ठणठणीत असतील तर आवाजात फरक नगण्य असतो. फळीची किंमत कळते ती एक कॉइल जळाल्यावर. एकच पोकळी असेल तर मेलेला कोन आतल्या दाबाने नुसता हलत राहतो, जिवंत स्पीकरमागची हवेची स्प्रिंग ढिली पडते आणि ॲम्प्लिफायर पूर्वीइतकाच व्होल्टेज देत असतो. त्याचा कोन हद्दीबाहेर उड्या मारतो आणि तासाभरात तोही जातो. स्वतंत्र खणात दुसरा सुखरूप राहतो. शिवाय उंच खोक्यात आतल्या आत आवाज उभा राहतो, ७२ सेंटिमीटरला तो साधारण २४० हर्ट्झवर येतो. मधली फळी तोही मोडते आणि खोक्याला ताकदही देते. प्लायवूडचा एक तुकडा आणि दुसरी नळी, एवढाच खर्च.

जागा कमी असेल तर दोन स्पीकर तोंडाला तोंड लावून एकामागे एक बसवायची एक पद्धत आहे, हॅरी ओल्सन यांनी १९५०च्या दशकात आणलेली. खोका निम्मा होतो, पण वीज तेवढीच देऊन आवाज एका स्पीकरपेक्षा ३ डेसिबल कमी. गाडीच्या डिकीसाठी ठीक, मंडपासाठी मुळीच नाही. अमर बोस यांनी १९६८ साली एकाच खोक्यात नऊ सारखे छोटे स्पीकर घातले होते, एक पुढे तोंड करून आणि आठ मागच्या भिंतीकडे. ९०१ हे मॉडेल पुढे अनेक दशकं विकलं गेलं. पण त्याला स्वतंत्र इक्वलायझर लागायचा, आणि भिंतीवरून येणारा आवाज हा त्याच्या रचनेचाच भाग होता. तिन्ही बाजूंनी मोकळ्या सभामंडपात तो युक्तिवाद लागू पडत नाही.

मंडपाच्या दोन टोकांना दोन बेसबॉक्स ठेवायची सवय मात्र इथेच मोडावी असं वाटतं. आठ मीटर अंतरावरचे दोन बेसबॉक्स ६० हर्ट्झला २१ अंशांवर पहिली खाच पाडतात. मधल्या पट्ट्यात छाती धडधडते, चार पावलं बाजूला बेस नाही. दोन्ही एकत्र, एकाला एक चिकटवून ठेवले तर तेच ६ डेसिबल सगळ्यांना मिळतात. शोभेची बाजू वेगळी.

आणि एवढे डेसिबल मिळवून ते वापरता किती येतात हेही बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल वर किंवा ७५ डेसिबल, यांतला जो कमी असेल त्याच्या आत हवा. अशा वेळी मोठ्या आवाजापेक्षा सगळीकडे सारखा पोचणारा आवाज जास्त कामाचा, आणि तो उभ्या मांडणीतूनच येतो.

एकसारखे किती दिवस एकसारखे?

वरचा सगळा हिशेब दोन्ही स्पीकर एकसारखे आहेत असं धरून केला. विकत घेतले त्या दिवशी ते असतात. मग जून येतो.

कागदी कोन दमट हवेत पाणी ओढतो आणि जड होतो. जड कोनाचा स्वतःचा सूर खाली उतरतो, वरचे सूर मंद होतात. फोमची कड असेल तर उष्ण-दमट हवेत ती काही वर्षांत चुरा होऊन हातात येते. दुमडलेल्या कापडाची कड बरीच जास्त टिकते, म्हणून किनाऱ्यावर तीच घ्यावी. फेराइटचं चुंबक गंजत नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी चकत्या गंजतात. खाऱ्या वाऱ्यात त्या गंजाचा एक बारीक कपचा कॉइलच्या फटीत पडला की प्रत्येक थापेला 'खर्र' ऐकू येतं. कोन दोन्ही बाजूंना बोटं पसरून अगदी अलगद, सरळ आत दाबून बघा. घासल्याची खरखर लागली तर तो स्पीकर गेल्यात जमा.

दोघांपैकी एक बदलला की खरी गोची होते. एक पाच पावसाळे काढलेला, एक नवा कोरा. समांतर जोडणीत निभावून जातं. मालिकेत मात्र व्होल्टेजची वाटणी दोघांच्या रोधावर ठरते, आणि आपापल्या नैसर्गिक सुरापाशी प्रत्येकाचा रोध एकदम वाढतो. दोघांचे सूर वेगळे झाले असतील तर कुठल्या सुराला कोण जास्त व्होल्टेज खाणार याचा नेम उरत नाही, एकाचा कोन उड्या मारतो आणि दुसरा निवांत असतो. मालिकेत एक कॉइल तुटली तर दोघेही गप्प, हे आणखी वेगळं.

म्हणून खोक्यात दोन घ्यायचे असतील तर तिसरा त्याच दिवशी, त्याच दुकानातून, शक्यतो त्याच बॅचचा घ्या. तो खोक्यात बंद करून माळ्यावर टाकू नका. दर मे महिन्यात एकाची जागा त्याला द्या आणि उतरवलेला पुसून, कोरड्या जागी, चुंबकाच्या चकतीला ग्रीसचा पातळ हात लावून ठेवा. फटीकडे ग्रीस जाणार नाही एवढं बघा. प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने तारीख लिहा. तिघे मिळून जुने झाले म्हणजे झालं.